विद्यापीठाची टपालपेटी

विद्यापीठाने विद्यार्थ्याला दिलेला ईमेलचा पत्ता, हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे आमच्या एका स्नेह्यांनी ह्या मालेची पत्रिका पाहून विचारले. शिवकाल, वेदान्त आणि अर्थकारण ह्यांच्या पंक्तीला हा विषय बसवताना आमचाही हात जरा अडखळला होता, हे कबूल केले पाहिजे. पण मागे आमच्या आळीत एक प्रकार घडला. शेजारची एक मुलगी बारावीनंतर एका विद्यापीठात दाखल झाली. प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर तिच्या हाती एक चिठ्ठी आली. तीवर एक पत्ता व एक परवलीचा शब्द छापला होता. स्वतःचा ईमेल असताना हा दुसरा कशाला, असा विचार करून तिने ती चिठ्ठी वहीत घातली. पुढे शिष्यवृत्तीच्या अर्जाला एक दाखला कमी पडला. तो अमुक तारखेच्या आत आणून द्यावा असे पत्र विद्यापीठाने पाठवले, ते ह्या नव्या पत्त्यावर. स्मरणपत्रही तेथेच पाठवले. मुदत उलटून नऊ दिवस झाल्यावर तिने ती पेटी प्रथम उघडली, आणि त्या वर्षाची शिष्यवृत्ती बुडाली. तिचे वडील रिक्षा चालवतात. ते आम्हांला म्हणाले, "पत्र पोचलं म्हणतात, मग आमच्या दारात का नाही आलं?"

प्रश्न अगदी नेमका आहे. त्याचेच उत्तर येथे देण्याचा विचार आहे.

ईमेल कोणाच्याही दारात येत नाही. ते एका मोठ्या संगणकावरील पेटीत येऊन पडते, आणि ज्याची पेटी त्याने तेथवर जाऊन पाहावे लागते. खिशातला फोन 'टिंग' करून सांगतो तेव्हा पत्र फोनवर आले असे आपल्याला वाटते; वस्तुतः फोनच दर थोड्या वेळाने त्या पेटीकडे चौकशी करत असतो, किंवा पेटीकडून त्याला सूचना मिळत असते. आणि ज्या पेटीचे नाव फोनला कोणी सांगितलेलेच नाही तिची चौकशी तो करणार कशी? मुलीच्या बाबतीत झाले ते इतकेच.

ही पेटीची कल्पना मुळात विद्यापीठातलीच आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेत १९६० च्या दशकात एकच मोठा संगणक अनेकांनी वाटून घेऊन वापरण्याची योजना चालू होती. संगणक एक आणि माणसे पुष्कळ, तीही वेगवेगळ्या वेळी येणारी. तेव्हा एकाने दुसऱ्यासाठी निरोप ठेवायचा कोठे? १९६५ साली टॉम व्हॅन व्ल्येक आणि नोएल मॉरिस ह्या दोघांनी त्या संगणकावर 'मेल' नावाची आज्ञा लिहिली. निरोप एका फाइलीत जाऊन पडे, आणि तो माणूस पुढच्या वेळी कामाला बसला की त्याला दिसे. वाड्याच्या देवडीवर चिठ्ठी ठेवून जावे तसे हे होते. पण चिठ्ठी वाड्याबाहेर जात नसे.

वाड्याबाहेरचा रस्ता १९७१ साली रे टॉमलिन्सन ह्यांनी काढला. केंब्रिज गावच्या एका कंपनीत शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन संगणकांपैकी एकावरून त्यांनी दुसऱ्यावर निरोप पाठवला. जोडणी मात्र अर्पानेट ह्या जाळ्यामधून. पहिल्या निरोपात काय लिहिले होते हे त्यांना स्वतःलाही पुढे आठवत नव्हते! माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव ह्यांच्यामध्ये कोणते चिन्ह घालावे, ह्यासाठी त्यांनी कळफलकावरचे एक हिशेबी चिन्ह उचलले. आपल्याकडे बिलात 'इतक्या नगांना अमुक दराने' असे लिहिताना तेच चिन्ह वापरतात, म्हणून त्याला आपण अजूनही 'ॲट द रेट' म्हणतो. ह्या पत्त्यात दर कोणताच नाही. चिन्हाच्या डावीकडे माणूस व उजवीकडे त्याचे घर, एवढाच अर्थ.

भारतात हे टपाल प्रथम आले तेही शिक्षणसंस्थांतच. १९८६ साली अर्नेट ही योजना सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सुरू केली. तीत पाच आयआयटी, बंगळूरची विज्ञानसंस्था आणि जुहूचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ह्या संस्था होत्या. जुहूचे हे केंद्र आणि पवईची आयआयटी ह्यांच्यामध्ये साध्या टेलिफोनच्या तारेवरून निरोपांची देवघेव सुरू झाली. केंद्राचे संचालक श्रीनिवासन रमणी ह्यांचा ह्या कामात मोठा वाटा होता. सर्वसामान्य नागरिकाला इंटरनेट मिळाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे आपल्या शहरांत ईमेल हा शब्द ऐकू येण्यापूर्वी काही वर्षे पवईतली मंडळी पत्रे लिहीत होती. विद्यापीठांच्या पत्त्यांच्या शेवटी 'एसी.इन' किंवा 'ईडीयू.इन' ही अक्षरे असतात, ती आजही अर्नेटकडूनच मिळतात, आणि शिक्षणसंस्थांनाच मिळतात. भाजीच्या गाळ्याला ती मिळत नाहीत. विद्यापीठाच्या पत्त्याला जी पत आहे ती ह्यामुळे.

आता पत्राचा प्रवास पाहू. शिष्यवृत्तीच्या कचेरीतील कारकुनाने पत्र लिहून 'पाठवा' ह्या खुणेवर बोट ठेवले, की ते पत्र त्या कचेरीच्या जावक यंत्राकडे जाते. हे यंत्र पत्त्याची उजवी बाजू तेवढी वाचते. डाव्या बाजूशी त्याला कर्तव्य नाही. त्या घराचे टपाल कोण स्वीकारतो, हे ते जगभर वाटून ठेवलेल्या नावांच्या वहीत पाहते. ही वही १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस ह्यांनी योजली. मग ते त्या यंत्राचे दार ठोठावते आणि ठरलेल्या शब्दांत बोलणे करते: मी अमुक, पत्र अमक्याचे, तमक्यासाठी, घेता का? ह्या बोलण्याचे नियम जॉन पोस्टेल ह्यांनी १९८२ साली लिहून काढले, आणि थोड्याफार सुधारणांनिशी तेच आज चालतात. पलीकडचे यंत्र बंद असेल तर अलीकडचे पत्र फेकून देत नाही. थांबून थांबून पुन्हा प्रयत्न करते, साधारण चार-पाच दिवसपर्यंत, आणि मग पाठवणाऱ्याला 'पोचले नाही' असे कळवते. पलीकडच्याने 'घेतले' म्हटले की ह्याचे काम संपले. पेटीत पडलेले पत्र कोणी वाचले की नाही, हे ह्या व्यवस्थेच्या कक्षेतच येत नाही. "पत्र पोचले" असे कचेरीने सांगितले ते खोटे नव्हते. आमचे मत विचाराल तर, पैशाच्या आणि मुदतीच्या पत्राबाबत एवढ्यावर हात झटकणे कचेरीला शोभत नाही. एक फोन करता आला असता. पण आमच्या मताने मुदत वाढत नाही.

पेटीतून पत्र वाचण्याच्या दोन रीती आहेत, आणि दोन्हींच्या मागे विद्यापीठाचे आवार आहे. पहिली पीओपी, १९८४ सालची. हिच्यात पत्रे पेटीतून काढून आपल्या यंत्रावर आणतात, आणि बहुधा पेटी रिकामी होते. ज्याचे एकच टेबल त्याला हे सोयीचे. पण विद्यार्थी सकाळी ग्रंथालयात, दुपारी प्रयोगशाळेत, रात्री वसतिगृहात. त्याची निम्मी पत्रे एका यंत्रावर व निम्मी दुसऱ्यावर राहू लागली तर तो काय करणार? ह्याला उत्तर म्हणून १९८६ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन ह्यांनी आयमॅप ही रीत काढली. हिच्यात पत्रे पेटीतच राहतात व आपण कोठूनही ती पाहतो. एका ठिकाणी वाचलेले पत्र दुसरीकडेही वाचलेले दिसते. आज फोनवर आणि संगणकावर आपण तीच पेटी पाहतो ती ह्याच विचाराने. फोनमध्ये पत्ता घातला की बाकीची माहिती बहुतेक वेळा तो स्वतःच भरतो. कधी आकडे विचारलेच, तर आयमॅपला ९९३ आणि जावकाला ५८७ हे नेहमीचे आकडे; तरी विद्यापीठाच्या संगणककेंद्राचे पत्रक समोर असू द्यावे.

खाते उघडण्याबद्दल मात्र सविस्तर बोलले पाहिजे, कारण खरे घोटाळे येथेच होतात. आपल्या गावांत प्रवेशाचे अर्ज पुष्कळदा झेरॉक्सच्या दुकानात भरले जातात. दुकानदार भला माणूस असतो, त्याच्यापुढे रांग असते. तो परवलीचा शब्द स्वतःच ठरवतो, आणि फोन नंबरच्या रकान्यात वेळ वाचावा म्हणून स्वतःचाच नंबर घालतो. पुढे विद्यार्थी परवलीचा शब्द विसरला, की नवा शब्द मिळवण्यासाठी लागणारा आकडा जातो त्या दुकानदाराच्या फोनवर. दुकान उठले असेल तर पेटीला कुलूप लागलेच म्हणायचे. तेव्हा चिठ्ठी हाती पडली त्याच दिवशी तीवरचा शब्द बदलावा, नंबर आपला घालावा, आणि दुहेरी तपासणीची सोय असेल तर ती चालू करावी. नवा शब्द लांब असावा. जन्मतारीख नसावी, आणि दुसऱ्या कोठे वापरलेला नसावा.

नंतर एक दिवस पत्र येईल की, तुमची पेटी भरली आहे, खालील दुव्यावर जाऊन परवलीचा शब्द द्या, नाही तर खाते बंद होईल. वर विद्यापीठाचे बोधचिन्हही असेल. संगणककेंद्राला परवलीचा शब्द विचारण्याचे कधीच कारण पडत नाही. अशा पत्राला उत्तर देऊ नये आणि दुव्यावर बोट ठेवू नये. संशय वाटल्यास केंद्रात समक्ष जावे. एका विद्यार्थ्याची किल्ली गेली की त्याच्या नावाने शेकडो खोटी पत्रे सुटतात. मग बाहेरची टपालयंत्रे त्या विद्यापीठाच्या सगळ्याच पत्रांकडे संशयाने पाहू लागतात, आणि निरपराध मुलांचे नोकरीचे अर्ज कचऱ्याच्या पेटीत जाऊन पडतात.

दोन पेट्या पाहण्याचा कंटाळा म्हणून काहीजण विद्यापीठाचे टपाल आपोआप खाजगी पत्त्यावर वळवतात. अनेक विद्यापीठे हे करू देत नाहीत, आणि त्याला कारण आहे. पत्र ज्याच्या नावाने आले त्याच्याच यंत्राकडून आले की नाही, हे आजची टपालयंत्रे तपासतात. वळवलेले पत्र तिसऱ्याच्या हातून येते. तपासनिसाला ते खोटे वाटू शकते. त्यापेक्षा फोनमध्ये दोन्ही पेट्या घालाव्यात. मुलीच्या बाबतीत आम्ही तेच केले. पाच मिनिटांचे काम होते.

मराठीत पत्र लिहिता येते का, असे विचारणारे श्रोते नेहमी भेटतात. आता येते, अगदी निर्धास्तपणे. पूर्वी ह्या टपालात केवळ १२८ चिन्हांची सोय होती आणि ती सारी इंग्रजीच्या सोयीची. परदेशातील विद्यापीठांत गेलेली आपली मुले त्या काळी आईला 'तब्येत बरी आहे' हे रोमन अक्षरांत लिहीत. १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली, आणि १९९२ च्या माइम नियमांनी इतर लिप्या व चित्रे पत्रातून नेण्याची वाट झाली. तरी मधली कित्येक वर्षे पाठवणाऱ्याचा फाँट वाचणाऱ्याकडे नसला, की पत्राची गिचमिड होत असे. तो त्रास आता संपला आहे. कुलसचिवांना मराठीत अर्ज लिहायला हरकत नाही. विषयाच्या ओळीत नाव, नोंदणी क्रमांक आणि काम एवढे लिहावे, म्हणजे तो लवकर वाचला जाण्याचा संभव वाढतो. आणि वर्गातील सर्वांना आलेल्या पत्राला उत्तर देताना ते एकट्या गुरुजींना जाते आहे की दीडशे जणांना, एवढे पाहून घ्यावे. सर्वांना उत्तर देण्याच्या खुणेने आजवर किती जणांची फजिती केली आहे त्याची गणती नाही!

आता राहिली शेवटची गोष्ट, आणि ती मुलांपेक्षा पालकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हा पत्ता विद्यार्थ्याच्या मालकीचा नव्हे. शिक्षण संपले की काही विद्यापीठे तो चालू ठेवतात, काही ठराविक महिन्यांनी बंद करतात. त्याच पत्त्यावर बँकेचे खाते, नोकरीचे अर्ज आणि फोटो ठेवले असतील, तर एका सकाळी सारेच हातातून जाते. म्हणून बँकेला आणि इतर खाजगी कामांना पहिल्यापासून स्वतःचा पत्ता द्यावा. आणि शेवटच्या परीक्षेचा अर्ज भरताना नियम विचारून घेऊन, जुनी पत्रे आपल्या संगणकावर उतरवून घ्यावीत. विद्यापीठाने चालू ठेवली असेल तेथे ती जुनी पीओपीची रीत ह्या कामाला अजून उपयोगी पडते.