गाण्याचा सातबारा

वाचकहो, आजचा विषय थोडा अपरिचित आहे. ‘इंडी रॉक’ हे शब्द ऐकून गावाकडची वडीलधारी माणसे म्हणतील, हे शहरातल्या पोरांचे खूळ, त्याचे आम्हांला काय? काही वर्षांपूर्वी मीही असेच म्हणत होतो. माझे मत का बदलले ते सांगावे आणि सांगता सांगता या संगीताची थोडी ओळख करून द्यावी, एवढाच या भाषणाचा हेतू.

माझ्या वर्गात चकलांब्याचा एक मुलगा होता. चकलांबा हे बीड जिल्ह्यातले, गेवराई तालुक्यातले गाव. मुलाच्या घरी चार एकर कोरडवाहू जमीन, तीत कापूस आणि तूर. दसरा-दिवाळीच्या सुमारास आईवडील मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जात, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परतत. तोवर घरी आजी आणि हा. कॉलेजसाठी तो तालुक्याच्या गावी तिघा मित्रांबरोबर खोली करून राहू लागला. डबा एसटीने यायचा. मुलगा हुशार, पण कानांत सदा ती गाण्याची बोंडे. स्टँडवर, मधल्या सुट्टीत, वाचनालयातसुद्धा. एकदा त्याचे वडील मला भेटायला आले आणि म्हणाले, “सर, पोरगं काय ऐकतंय काही कळंना. गाणं म्हणावं तर गाण्यासारखं लागंना. जरा समजावून सांगा त्याला.”

मी मुलाला बोलावले आणि न ऐकताच रागावलो. त्याच वर्षी स्नेहसंमेलनात या चौघा मित्रांना रंगमंच मिळाला नाही. लावणी चालेल, पोवाडा चालेल, सिनेमातले गाणे चालेल. हा गोंगाट कोण ऐकणार, असे समितीचे म्हणणे पडले. त्या समितीत मीही होतो. नंतर एक दिवस तो माझ्याकडे आला आणि शांतपणे म्हणाला, “सर, एकदा ऐका आणि मग रागवा.” मी वरमलो. कविता वाचल्याशिवाय तिच्यावर बोलू नये, हे वर्गात मीच तर सांगत असे.

पहिल्याने कानाला गोंगाटच वाटला. मग त्याने एकेक वाद्य वेगळे करून दाखवले. रॉकच्या मेळ्यात सहसा दोन गिटारी, एक बेस गिटार, ड्रम आणि गाणारा असतो. गिटारीला सहा तारा. बेसला बहुधा चार, आणि त्यांचा स्वर गिटारीच्या जाड तारांहून एक सप्तक खाली. पखवाजाच्या डाव्या अंगाचा घुमारा जसा भजनाला तळ देतो, तसा बेस या गाण्याला देतो. आपल्या भजनात तंबोऱ्याचे किंवा पेटीचे सा आणि प मागे सतत चालू असतात. रॉकचा गिटारवाला पुष्कळदा हेच दोन स्वर एकदम छेडतो. म्हणजे पाया तोच, षड्ज आणि पंचम. फरक आहे तो जोराचा.

मग हा आवाज असा फाटका का लागतो? जत्रेतला भोंगा आठवा. आवाज बेताबाहेर वाढवला की बोलणाऱ्याचा शब्द फाटतो. ध्वनिलहरीचा माथा यंत्राला पेलत नाही, म्हणून तो छाटला जातो, आणि त्या छाटलेल्या लहरीतून मूळ स्वराबरोबर वरचे अनेक उपस्वर उमटतात. १९५० आणि १९६० च्या दशकांत गिटारवादकांनी हा यंत्राचा दोष मुद्दाम वापरायला सुरुवात केली. भोंगेवाल्याची जी चूक, ती यांची करामत.

ठेकाही समजून घ्या. चार मात्रांचे आवर्तन असते. आपले कान पहिल्या मात्रेवरची सम शोधतात. रॉकमध्ये ठळक थाप दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. म्हणून आपले डोके सवयीने एका ठिकाणी हलते आणि ड्रम दुसऱ्याच ठिकाणी वाजतो. चार गाणी ऐकली की हा घोळ सुटतो. माझा सुटला.

आता ‘इंडी’ या शब्दाकडे येऊ. इंडियाशी त्याचा काही संबंध नाही. ‘इंडिपेंडंट’, म्हणजे स्वतंत्र, या इंग्रजी शब्दाचे ते लाडके रूप. कोणापासून स्वतंत्र? तर मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांपासून. पूर्वी गाणे तबकडीवर यायचे तर स्टुडिओ, कारखाना, दुकाने, जाहिरात ही सगळी साखळी कंपनीच्या हातात असे. तिच्या पसंतीला उतरेल ते गाणे बाहेर येई.

इंग्लंडमध्ये बोल्टन येथील कॉलेजात भेटलेल्या हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली या दोन तरुणांनी ही साखळी ओलांडून पाहिली. त्यांच्या ‘बझकॉक्स’ या मेळ्याने ओळखीपाळखीच्या माणसांकडून ५०० पौंड उसने घेतले, चार गाणी मुद्रित केली आणि जानेवारी १९७७ मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ ही तबकडी स्वतःच काढली. पहिल्या खेपेला १००० प्रती छापल्या होत्या. त्या खपल्या आणि आणखी छापाव्या लागल्या. चार पोरे कंपनीवाचून तबकडी काढू शकतात, हे इतरांनी पाहिले आणि गावोगाव छोट्या मुद्रण-संस्था निघाल्या. जानेवारी १९८० पासून अशा स्वतंत्र तबकड्यांच्या खपाची वेगळी यादी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध होऊ लागली. म्हणजे हा शब्द आधी व्यवहाराचा होता. पुढे तो एका गायनशैलीचे नाव झाला.

अमेरिकेतली गोष्ट आपल्या रेडिओवाल्यांना जवळची वाटेल. जॉर्जिया राज्यातील अथेन्स या विद्यापीठाच्या गावी १९८० साली चौघांनी ‘आर. ई. एम.’ हा मेळा जमवला. गाणारा मायकेल स्टाइप कलेचा विद्यार्थी होता, गिटार वाजवणारा पीटर बक तबकड्यांच्या दुकानात कामाला होता. पहिला कार्यक्रम झाला तो एका जुन्या चर्चच्या इमारतीत, मैत्रिणीच्या वाढदिवसाला. १९८१ साली त्यांची पहिली तबकडी एका छोट्या संस्थेने काढली. मोठी रेडिओ केंद्रे अशा गाण्यांना फारशी जागा देत नसत. ती वाजवली विद्यार्थ्यांनी, कॉलेजांच्या लहान लहान रेडिओ केंद्रांवरून. एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात गाणे असे पसरत गेले. १९८८ साली हा मेळा एका बड्या कंपनीकडे गेला, पण तोवर श्रोता त्यांनी स्वतः जमवलेला होता. बोलणी करताना हात रिकामा नव्हता.

आपल्या महाराष्ट्रातही हा इतिहास आहे. मुंबईत १९७० आणि १९७१ साली ‘सिमला बीट’ स्पर्धेतील मेळ्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्या काळचे बहुतेक मेळे परदेशी गाणी हुबेहूब वाजवण्यात धन्यता मानत. पुढे १९८६ साली मुंबईत ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू झाला. धोबीतलावाजवळच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात कॉलेजची पोरे हजारांनी जमू लागली. १९८४ साली उभ्या राहिलेल्या ‘रॉक मशीन’ या मुंबईच्या मेळ्याने १९८८ साली स्वतःच रचलेल्या गाण्यांचा संग्रह काढला. पुण्यात २०१० साली ‘एनएच७ वीकेंडर’ हा महोत्सव सुरू झाला आणि स्वतःची गाणी करणाऱ्या मेळ्यांना मोठे व्यासपीठ मिळाले. त्याच दशकात मुंबईच्या ‘अभंग रिपोस्ट’ या तरुण मंडळींनी गिटार, बेस आणि तबला एकत्र बसवून संतांचे अभंग गायला घेतले. आमच्या चकलांब्याच्या मुलाला या संगीताची गोडी लागली ती तिथूनच. शब्द आजीचे, वाद्य नवे. त्याला वाटले, मग माझे शब्द का नकोत?

आणि खरे सांगायचे तर गाण्याचे स्वातंत्र्य आपल्याला कुठे नवे आहे? १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले. त्यांचे पोवाडे आणि गाणी चाळींतून, मैदानांतून, सभांतून तोंडोतोंडी गेली. गावचे भजनी मंडळ वर्गणीतून टाळ-पखवाज घेते. कोणते पद म्हणायचे ते त्याला बाहेरचा कोणी सांगत नाही. इंग्लंडमधल्या पोरांनी ५०० पौंड उसने घेतले, ते आपल्या मंडळाच्या वर्गणीसारखेच.

तर आमच्या मुलाने गाणे लिहिले. विषय ऊसतोडीच्या कोपीचा. थंडीत आईवडील उसाच्या फडात, आणि पोरगा गावी फोनची वाट पाहतोय. भाषा आमच्या गेवराईकडची, लपेटलेली नाही. गिटार जुनी, तीही हप्त्यांवर घेतलेली. हप्ते त्याने फवारणीच्या आणि कापूस वेचणीच्या रोजातून फेडले. मुद्रणासाठी स्टुडिओ कुठला? खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगल्या, म्हणजे आवाज घुमत नाही. फोनवर मुद्रण केले, मित्राच्या संगणकावर नीट जुळवले आणि गाणे इंटरनेटवर सोडले. लोकांनी ऐकले. जिल्ह्याबाहेरूनही निरोप आले.

मग एका व्यावसायिकाचा माणूस फोनवर आला. गाणे घेतो, चित्रफीत करतो, सहीबरोबर १५,००० रुपये रोख. कागद आला. मुलगा तो घेऊन माझ्याकडे आला, वडीलही सोबत होते. हंगाम संपवून ते नुकतेच परतले होते. मी वाचू लागलो. ‘सर्व हक्क, सर्व जगासाठी, कायमचे’ असे त्यात लिहिले होते. मला तेव्हा त्यात विशेष काही वाटले नाही. मी म्हणालो, “पैसे बरे आहेत, घ्यायला हरकत नाही.”

वडील बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, “सर, सही झाल्यावर हे गाणं कुणाचं?”

मी म्हणालो, “त्यांचं.”

“मग पोराला गावात म्हणायचं झालं तर?”

“त्यांना विचारावं लागेल.”

ते म्हणाले, “मग ही उचलच झाली की, सर. आमची उचल कोयत्यानं तरी फिटती. ही कशानं फेडायची?”

वाचकहो, मी एम. ए. झालेला माणूस. पण त्या कागदाचा अर्थ मला ऊसतोड कामगाराने सांगितला. त्यानंतर मी कायदा मिळवून वाचला. तो थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या घरात किंवा वर्गातही एखादा गाणारा असेल.

जमिनीचा जसा सातबारा असतो, तसाच गाण्यालाही मालक असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गीताचे शब्द, त्याची चाल आणि त्याचे ध्वनिमुद्रण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिन्हींचे हक्क वेगळे. शब्द लिहिणारा आणि चाल लावणारा हे सहसा आपापल्या कामाचे पहिले मालक. त्यासाठी नोंदणी केलीच पाहिजे असे नाही. नोंदणी केली तर पुरावा म्हणून उपयोगी पडते. शब्द आणि चाल यांचा हक्क रचणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्यामागे ६० वर्षे टिकतो. म्हणजे नातवापर्यंत पोचणारी ही मिळकत आहे.

हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. कागदात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षे धरतो. मुलूख लिहिला नसेल तर भारतापुरताच धरतो. ‘कायमचे’ आणि ‘सर्व जगासाठी’ हे शब्द कागदात का घालतात, ते आता ध्यानात येईल. २०१२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातील बरोबरीचा वाटा त्यांना आपल्या वारसांखेरीज किंवा हक्क सांभाळणाऱ्या नोंदणीकृत संस्थेखेरीज कोणालाही लिहून देता येत नाही, अशी तरतूद तीत आहे. मात्र हे ज्याला माहीत नाही, तो आपला वाटा मागायला जातच नाही.

आणखी एक गोष्ट. चौघांनी मिळून गाणे केले तर शब्द कोणाचे, चाल कोणाची, वाटणी कशी, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून चौघांनी सह्या कराव्यात. गाणे चालले नाही तर काही बिघडत नाही. पण चालले, तर बांधावरून भावकी भांडते तसे मित्र भांडतात.

आमच्या मुलाने सही केली नाही. तीन वर्षांपुरता हक्क देतो, नाव माझे राहील, असे त्याने कळवले. त्यावर उत्तर आले नाही. १५,००० रुपये गेले. त्या घरात ही रक्कम लहान नव्हती. गाण्याने पैसा असा अजून दिलेला नाही. मुलगा पदवीधर झाला, आता नोकरी करतो आणि सुट्टीत मित्रांबरोबर वाजवतो. वडिलांना चाल अजून आवडत नाही. ढोल जरा कमी कर, म्हणतात. पण पुढच्या हंगामाला जाताना त्यांनी ते गाणे आपल्या फोनमध्ये भरून घेतले.

शिक्षक मित्रांना आणि पालकांना माझे सांगणे एवढेच. पोराच्या कानातली बोंडे काढायला लावण्याआधी त्यातले एक आपल्या कानाला लावून पाहा. आवडलेच पाहिजे असे नाही. हे कोणी लिहिले, कोणी चाल लावली आणि ते आता कोणाच्या मालकीचे आहे, एवढे त्याला विचारा. मूल उत्तर शोधत बसेल आणि त्या निमित्ताने भाषा, संगीत आणि व्यवहार तिन्ही शिकेल. आणि त्याने स्वतःचे काही लिहिले असेल, तर कुठल्याही कागदावर सही करण्यापूर्वी तो कागद घरात मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. मी तेव्हा तो मनातल्या मनात वाचला, हीच माझी चूक झाली.