लायसन्स टू शिकार!

पंधरा ऑगस्टला आपण काय करतो? झेंडावंदन, जिलेबी आणि मग लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये तीन तास. त्याच दिवशी तिकडे फ्लोरिडात ॲलिगेटरच्या शिकारीचा सीझन सुरू होतो, तो थेट 1 नोव्हेंबरपर्यंत! ॲलिगेटर म्हणजे आपल्या मगरीचा अमेरिकन नातेवाईक. परमिट लॉटरीनं मिळतं. नंबर लागला की पैसे भरायचे, हातात दोन टॅग पडतात, म्हणजे दोन ॲलिगेटर. लांबून बंदुकीनं टिपायचं नाही हं. हार्पून, गळ आणि दोरी घेऊन बोटीतून निघायचं, जनावर आधी अडकवायचं, मग मारायचं. कातडं आपलं, मटण आपलं आणि अर्थातच फोटोही आपला.

असाच एक फोटो तिकडच्या मित्रानं मला पाठवला. खाली प्रश्न, 'तुमच्याकडे असलं थ्रिल मिळतं का?' मी नेमकी घाटंजी तालुक्यात मामांकडे होते. त्यांनाच विचारलं. मामा टॉर्चमध्ये सेल भरत होते. म्हणाले, "मजा कायची व? झोप पायजे मले."

मामा रोज रात्री 'जागली'ला जातात. शेतात माळ्यावर बसून पिकाची राखण. घाटंजी आणि पांढरकवड्याच्या मधे टिपेश्वरचं अभयारण्य आहे, वाघांसाठी फेमस. तुम्ही सफारीला गेलात तर रोही दिसल्यावर 'ओह, सो क्यूट' म्हणाल. (मीही म्हटलं होतं.) तोच रोही रात्री तुरीत शिरतो, आणि रानडुकरांचा कळप एका रात्रीत शेताचं मैदान करतो. उपाय म्हणून सुतळी बॉम्ब, डबे वाजवणं आणि बांधाभोवती जुन्या साड्या. आईची एक कांजीवरम तिथे ओळखू आली, तेव्हा हसावं की रडावं कळेना.

मग परमिट? आहे की! गंमत बघा. लुइझियानानं 1962 मध्ये ॲलिगेटरची शिकार बंद केली आणि संख्या वाढल्यावर सप्टेंबर 1972 मध्ये नियम घालून पुन्हा सुरू केली. त्याच महिन्यात, 9 तारखेला, आपला वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातही सुरुवातीला 'स्पेशल गेम', 'बिग गेम', 'स्मॉल गेम' अशी शिकारीची लायसन्स होती. 1991 च्या दुरुस्तीनं ती गेली आणि हौसेची शिकार संपली. मगर तर पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या रांगेत. मारली तर थेट तुरुंग.

उरलं ते कलम 11. माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोका असेल तर ठरावीक जनावर मारण्याची परवानगी. महाराष्ट्रात रोही आणि रानडुकरांबाबत 2015 च्या शासन निर्णयानं हा अधिकार वनक्षेत्रपालांपर्यंत खाली आणला. म्हणजे मामांना कागद मिळू शकतो. पण बंदूक? तिचं लायसन्स वेगळं, शस्त्र कायद्याखाली. पीक राखायला ठासणीच्या बंदुकीची तरतूद त्यात आहे, पण मामांकडे ना बंदूक, ना नेम. आणि मारलेलं जनावर सरकारजमा! कातडं नाही, मटण नाही. कुंपणात वीज सोडणं सोपं पडतं, म्हणून काही जण तेच करतात. ते बेकायदा आहे. त्यात डुक्कर मरतं, कधी वाघ, तर कधी पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी.

परवानगीच्या शिकारीचं एक भयंकर उदाहरण शेजारच्याच राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यातलं. तेरा जणांच्या मृत्यूसाठी जबाबदार धरलेली अवनी वाघीण. तिला शोधायला 2018 मध्ये हत्ती आले, कुत्रे आले, पॅराग्लायडर आला, आणि वासानं खेचायला केल्विन क्लाइनचं 'ऑब्सेशन फॉर मेन'! आपण डेटला जाताना मारतो तो परफ्यूम बोराटीच्या झुडपांवर. 2 नोव्हेंबरच्या रात्री ती मारली गेली, हैदराबादच्या एका खासगी शिकाऱ्याच्या मुलाच्या गोळीनं. नियम पाळले का, यावर देशभर रण पेटलं. त्या गावांत मात्र त्या दिवशी फटाके वाजले.

हौशी शिकारी घाटंजीत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. रायफल आणि सेल्फी-स्टिक घेऊन आलेली जीप नुसती डोळ्यांसमोर आणली तरी पोटात गोळा येतो. पण लुइझियानातली एक गोष्ट मनात रुतून बसली. तिथे टॅग दलदलीच्या जमीनमालकाला मिळतात, अधिवास किती त्या हिशेबानं. ॲलिगेटर जगला तर त्याच्या खिशात काहीतरी पडतं. टिपेश्वरच्या गेटवर आपण सफारीचे पैसे मोजतो, आणि तिथलेच रोही रात्री ज्याच्या तुरीवर जेवतात, त्याला काय? भरपाईचा अर्ज, पंचनामा, आणि वाट बघणं.

मित्राला उत्तर टाइप करत होते तेवढ्यात मामांनी दारातून हाक मारली, "येतं का वं? घोंगडी घे."

गेले. रात्री दोनला तुरीत काहीतरी खसफसलं. मामांनी टॉर्च मारला, दोन हिरवे डोळे चमकले. आम्ही दोघांनी मिळून डबा वाजवला.