वादळ घाट चढून येतं तेव्हा

लेखमाला : डोक्यावरचं आभाळ – भाग 6

गेल्या आठवड्यात आपण गारा ढगात कशा तयार होतात ते पाहिलं. आज वाऱ्याकडे वळू. पाऊस पडून गेला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती मिलिमीटर झाला?’ वारा किती होता, हे सहसा कुणी विचारत नाही. आळे आणि आसपासच्या गावांत मात्र बराखीवरचे पत्रे उडतात, बांबू-तारेवर चढवलेला टोमॅटो ओळीच्या ओळी आडवा होतो, विजेचे खांब वाकतात, ते सगळं वाऱ्याचं काम.

रेड्याच्या समाधीमुळे वारकऱ्यांना ठाऊक असलेलं आळे हवामानाच्या दृष्टीनं मोठ्या अवघड जागी आहे. पश्चिमेला माळशेज घाटाचा धो धो पाऊस, पूर्वेला आणे पठाराचं कोरडं रान आणि मधे कालव्यावर पिकणारा हा पट्टा. चैत्रात समाधीची यात्रा भरते, तेव्हापासून मृग लागेपर्यंत इथलं आभाळ कधी फिरेल याचा भरवसा नसतो. सकाळी निरभ्र, दुपारी घामाच्या धारा, चार वाजता काळोख. कांदा काढून शेतात पातीखाली झाकलेला किंवा नुकताच बराखीत भरलेला असतो, नेमका तेव्हाच हा खेळ सुरू होतो.

समुद्रावरचं वादळ

चक्रीवादळ म्हणजे कोकणचं दुखणं, अशी घाटावरच्या माणसाची समजूत होती. 3 जून 2020 रोजी ती मोडली. अरबी समुद्रात तयार झालेलं ‘निसर्ग’ चक्रीवादळ त्या दिवशी दुपारी रायगड जिल्ह्यात दिवेआगरजवळ किनाऱ्याला धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या. वादळ तिथं थांबलं नाही. संध्याकाळपर्यंत ते पुणे जिल्ह्यात शिरलं आणि ईशान्येकडे निघून गेलं. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांत घरांची छपरं, पॉलिहाउस, झाडं आणि खांब पडले. टाळेबंदीतून माणसं नुकती कुठं बाहेर पडत होती. त्यात गावंच्या गावं अंधारात गेली.

जमिनीवर आलं की चक्रीवादळाचं बळ सरतं, कारण उबदार समुद्राच्या पाण्याच्या वाफेवर ते जगतं. ती रसद तुटते आणि सह्याद्रीच्या रांगा त्याची घडी विस्कटून टाकतात. पण बळ सरतं म्हणजे लगेच संपतं असं नाही. सलग वाहणारा वारा मंदावला तरी मधेच येणारे झोत जोरदार असतात, आणि नुकसान करतात ते झोतच. तरीही चक्रीवादळाची एक गोष्ट चांगली : ते सांगून येतं. ‘निसर्ग’चा मार्ग हवामान खातं आधीच्या दिवसांपासून सांगत होतं.

अर्ध्या तासाचं वादळ

वळवाच्या वादळाला नाव नसतं, मार्गाचा नकाशाही नसतो. तापलेल्या जमिनीवरची हवा वर जाते, समुद्राकडून आलेली दमट हवा तिला मिळते आणि दहा-बारा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. ढगातून पाऊस खाली येऊ लागला की त्यातला काही भाग वाटेतच सुकतो, गारा वितळतात. त्यामुळे आजूबाजूची हवा थंड आणि जड होऊन वेगानं खाली कोसळते. भरलेली घागर जमिनीवर उपडी केली की पाणी चहूकडे धावतं, तशी ही हवा जमिनीवर आपटून सगळीकडे पसरते. म्हणून आधी थंडगार झुळूक, मग धुळीचा लोट आणि त्यानंतर पाऊस असा क्रम लागतो. उकाड्यात एकाएकी गार वारं सुटलं की बरं वाटतं, पण हातात उरलेली वेळ तेव्हा मिनिटांवर आलेली असते.

हा वारा कुठल्याही दिशेनं येऊ शकतो. ढग गावाच्या ज्या बाजूला कोसळला, त्या बाजूनं वारा. त्यामुळे ‘आमच्याकडे वारं नेहमी पश्चिमेचं’ या हिशेबानं बांधलेला आडोसा वळवात कामी येईलच असं नाही.

पत्रा का उडतो?

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट नाही, चौपट होतो. ताशी 60 किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर साधारण 17 किलो वजनाइतका जोर लावतो. ताशी 100 किलोमीटरला हाच जोर 48 किलोच्या आसपास जातो. दहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद पत्र्याचा हिशेब केला तर हा जोर दीडशे किलोच्या वर भरतो. पत्र्याचं स्वतःचं वजन असतं पंधरा किलोच्या आत-बाहेर. वर ठेवलेले दोन दगड आणि फाटका टायर इथं काय पुरे पडणार? उलट तेच दगड खाली माणसांच्या अंगावर येतात.

शिवाय हा जोर पत्र्याला खाली दाबत नाही, वर उचलतो. छपरावरून वेगानं जाणाऱ्या वाऱ्यामुळे वरच्या बाजूचा दाब कमी होतो आणि उघड्या बाजूनं आत शिरलेला वारा खालून ढकलतो. कांद्याच्या बराखीची अडचण नेमकी हीच आहे. कांद्याला हवा खेळती हवी म्हणून तिच्या बाजू मोकळ्या ठेवाव्या लागतात, आणि त्याच मोकळ्या बाजू वाऱ्याला आत घेतात. गोठ्याचंही तेच. बाजू बंद करता येत नाहीत, तेव्हा छप्परच घट्ट हवं. सगळ्यात जास्त ओढ कडेच्या आणि कोपऱ्यांच्या पत्र्यांवर असते. म्हणून तिथले हुक जवळ-जवळ हवेत, त्यांना वायसर हवेत आणि ज्या खांबांवर हे सगळं उभं आहे त्यांचे पाय काँक्रीटमध्ये हवेत.

इशारा कुठवर पोचतो?

हवामान खातं वादळी पावसाचा पुढच्या काही तासांचा इशारा देतं. तो जिल्ह्याच्या नावानं येतो. पुणे जिल्हा लोणावळ्यापासून इंदापूरपर्यंत पसरलेला, आणि वळवाचा ढग कोसळतो दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूत. आळ्यात छप्पर उडालं तरी नारायणगावला पान हललेलं नसतं. चार वेळा इशारा येऊन काहीच झालं नाही की पाचव्यांदा माणूस मोबाइल बघतच नाही. यात दोष फक्त माणसाचा नाही. कुलाब्याच्या रडारचा किरण पृथ्वीच्या गोलाईमुळे आळे परिसरावर पोचेपर्यंत जमिनीपासून बराच उंच गेलेला असतो. ढगाचं डोकं त्याला दिसतं; जमिनीलगत धावणारा वारा नजरेतून निसटतो. विजेची माहिती देणारं पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप त्या मानानं उपयोगी. आपल्या आसपास वीज कडाडू लागली, एवढं त्यावर कळलं तरी ढग जवळ आल्याचा तो पुरावाच. विजेबद्दल पुढच्या भागात सविस्तर बोलू.

वाऱ्याचा पंचनामा

वारा पाण्यासारखा साचून राहत नाही, त्यामुळे त्याचं नुकसान कागदावर आणणं जिकिरीचं. ‘निसर्ग’ वादळानं जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासींच्या हिरड्याचं मोठं नुकसान केलं. बाळहिरडा हे तिथल्या घरांचं वर्षाचं रोख उत्पन्न. पण हिरडा नेहमीच्या पिकांच्या चौकटीत बसत नसल्यानं भरपाईसाठी किसान सभेला वर्षानुवर्षं मोर्चे आणि उपोषणं करावी लागली. वादळ एका संध्याकाळीत निघून गेलं. त्याचा हिशेब मात्र कित्येक पावसाळे रेंगाळला.

तेव्हा वाचकांना एवढंच सांगणं आहे. यात्रा उरकली की एक दिवस छपरासाठी काढा. कडेचे हुक आवळा, वरचे दगड खाली घ्या, घरावर झुकलेली वाळकी फांदी उतरवा. बराखीचे, गोठ्याचे, बागेचे फोटो नुकसान होण्याआधीच काढून ठेवा. पंचनाम्याच्या वेळी आधी काय उभं होतं ते दाखवता येतं. गार वारं सुटलं की ताडपत्री धरायला छपरावर चढू नका. आणि तुटलेली तार दिसली तर ती बंद आहे असं गृहीत धरू नका. लांब उभं राहून महावितरणच्या 1912 क्रमांकावर कळवा. कांदा पुन्हा लावता येतो.