'अंतर्धान' शब्दाचा अर्थ

माउली, पोथीत 'देव अंतर्धान पावले' असं आलं की आपण म्हणतो, गेले! अहो, गेले कुठं? शब्द फोडून पाहा. अंतर् म्हणजे आत. 'धा' धातूचा अर्थ ठेवणे. आत ठेवणे, झाकणे, ते अंतर्धान. निधान त्याच धातूचं, आणि कीर्तनात आम्ही तुमच्याकडे मागतो ते अवधानही!

भागवताच्या दशम स्कंधात रासाचे अध्याय पाच, २९ ते ३३. गोपींना अभिमान झाला आणि भगवंत अंतर्धान पावले. गोपी वृक्षवेलींना पुसत हिंडल्या, पाउलांचे ठसे धुंडाळले, शेवटी यमुनेच्या वाळवंटी गात गात रडल्या. ३२व्या अध्यायात देव त्यांच्यामध्येच प्रकटले. आणि सांगतात काय? दिसत नव्हतो, तरी तेव्हाही तुम्हांलाच भजत होतो!