शितावरून गळाची परीक्षा

मंडळी, गेल्या खेपेला आपण अनुमानावर बोललो, आणि अमेरिकेतल्या एका श्रोत्यांचा प्रश्न वेळेअभावी राहून गेला. ट्राउटसाठी बारीक माश्या बांधायला स्वस्त आणि तरी भरवशाचे गळ कसे निवडायचे, असं त्यांनी विचारलं होतं. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात गळ कुठून आला, असं वाटेल. पण 'भरवशाचा' या शब्दाशी आमचा जन्माचा संबंध, आणि निवृत्तीनंतर लेकीकडे कोलोरॅडोत राहताना या छंदाशीही जडला. तर आज तेच घेऊ.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्राउट हा थंड पाण्यातला मासा. भारतात तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी इथे आहे, इंग्रजांच्या काळात आणून सोडलेला. आपल्या महाराष्ट्रातल्या नद्या त्याला मानवत नाहीत. तो किडे खातो, म्हणून गळावर दोरा, पीस, लोकर गुंडाळून किड्याची नक्कल करतात. तिलाच माशी म्हणायचं. आता न्यू मेक्सिकोतली सान हुआन नदी घ्या. नवाहो धरणाच्या खोलातून गार पाणी सुटतं, वर्षभर जवळपास सारख्याच तापमानाचं, आणि त्यात चिलटांसारख्या किड्यांची पैदास होते. मासा हातभर आणि खाणं चिलटाचं! म्हणून तिथे 20, 22, 24 असे गळ लागतात. क्रमांक वाढला की गळ लहान होतो, हे उलटं गणित ध्यानात ठेवा. 20 नंबरचा गळ म्हणजे साधारण तांदळाचा दाणा.

आणि दाखलाही तांदळाचाच देतो. शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. संस्कृतात हाच स्थालीपुलाकन्याय. हे अनुमान टिकतं कशावर? सगळी शितं एकाच भांड्यात, एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजली, यावर. एक शीत बाकीच्यांच्या वतीनं बोलतं, पण फक्त शिजण्याबद्दल. भातात खडा आहे की नाही, हे ते सांगू शकत नाही. खड्यासाठी तांदूळ निवडायलाच लागतात, दाणा न् दाणा.

गळातही दोष दोन जातींचे असतात. तारेचे तुकडे करून, टोक काढून, वाकवून, नेढं वळवून झालं की ढीगभर गळ एकदम भट्टीत जातात. त्यांना पाणी दिलं जातं, जसं लोहार विळ्याला देतो, आणि मग पुन्हा बेतानं तापवून त्यांचा ठिसूळपणा उतरवतात. पोलाद मऊ राहिलं तर गळ ओढ बसताच उघडतो. फार कडक झालं तर काडकन मोडतो. हा भांड्याचा दोष, तो सगळ्या ढिगाला लागतो. नेढं अर्धवट उघडं, टोक बोथट, वाक तिरका, हे मात्र एकेका गळाचे दोष. हे खडे. (गळाच्या डोळ्याला आम्ही नेढंच म्हणतो. इंग्लंडमधल्या रेडिच गावात सुया आणि गळ दोन्ही बनत, तेव्हा शब्द परका नाही.)

मग परीक्षाही दोन. भांड्याच्या दोषासाठी पाकिटातले तीन-चार गळ बळी द्या. एकच नको, कारण भट्टीतही आच सगळीकडे सारखी नसते. गळ व्हाइसमध्ये वाकापाशी पकडा, दांडी नखानं दाबून सोडा. चांगला गळ लवतो आणि जागेवर येतो. वाकलेलाच राहिला तर मऊ, तुटला तर ठिसूळ. डोळ्यांवर चष्मा असू द्या, तुकडा उडतो. दुसरी परीक्षा आम्हाला जास्त प्रामाणिक वाटते. ज्या दोऱ्यानं मासा धरणार, तोच दोरा बांधा. 7एक्स म्हणजे इंचाचा चार हजारांश, मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. गळाचं टोक लाकडात रुतवून दोरा तुटेपर्यंत ओढा. दोरा तुटला आणि गळ उघडला नाही, तर पास. गळ त्या दोऱ्याहून भक्कम असला की पुरे. त्यापुढच्या ताकदीचे पैसे कशाला मोजायचे?

टोकाखालचा उलटा काटा असेल तर तोही पक्कडीनं दाबून पाहा. तो काढायला तारेतच छेद दिलेला असतो, आणि बारीक तारेत तो छेद फार होतो. हलके गळ नेमके तिथेच मोडतात, आणि टोक माशाच्या जबड्यात राहतं. सोडून द्यायच्या माशाला ही शिक्षा कशासाठी? बारीक माश्यांना आम्ही बिनकाट्याचेच गळ घ्या म्हणू. कित्येक पाण्यांवर तसा नियमच आहे.

खड्यांसाठी भिंग घ्या आणि प्रत्येक गळ निवडा. नेढ्यात फट असली तर दोरा निसटतो किंवा कापला जातो. टोक नखावर टेकवून हलकेच ओढा. रुतलं तर ठीक, घसरलं तर बाद.

आता हिशेब. समजा, बिनानावाच्या 100 गळांचं पाकीट 10 डॉलरला मिळालं आणि 20 गळ निवडण्यातच गेले. उरलेला प्रत्येक साडेबारा सेंटला पडला. नावाजलेले 25 गळ साडेसातला मिळत असतील तर एक 30 सेंटला. म्हणजे वीस टक्के बाद होऊनही स्वस्त ते स्वस्तच! पण थांबा. हे खड्यांपुरतंच खरं. खडा बांधण्याआधी दिसतो, म्हणून तो सेंटांत भागतो. पाणी नीट न दिलेला गळ दिसत नाही. तो मासा लागल्यावर कळतो, वीस मिनिटांची बांधणी आणि मासा दोन्ही घेऊन. म्हणून भट्टीच्या परीक्षेत दोन गळ नापास झाले तर अख्खं पाकीट बाजूला ठेवा. उरलेल्यांतून चांगले निवडू म्हणाल तर ते होणार नाही.

टिएम्को, मुस्ताद यांच्यासारख्या नावांचे जास्त पैसे आपण कशाचे देतो? आमच्या मते, या भांड्यासारखंच पुढचं भांडं शिजेल, या वचनाचे. बिनानावाच्या पाकिटात ते वचन नसतं, म्हणून परीक्षा आपल्या गळ्यात येते. निवांत वेळ असेल तर घ्यावी.

आकाराबद्दल दोनच गोष्टी. दांडी आणि टोक यांच्यातला गाळा रुंद हवा, कारण बारीक गळावर दोरा-लोकरीनं तो भरतो आणि टोकाला रुतायला जागा उरत नाही. खाली वाकलेलं नेढंही तीच जागा खातं, म्हणून सरळ नेढ्याचे घ्या. आणि एकाचा 20 दुसऱ्याच्या 22 एवढा असू शकतो. भाव करताना नंबर न बघता गाळा मोजा.

पाकीट पास झालं की त्याच वेळी त्याच दुकानातून आणखी दोन घ्या, आणि तिन्हींवर तारीख लिहा. पुढच्या वर्षी तेच नाव, तेच चित्र असलं तरी ते नवं भांडं. त्यातले तीन-चार पुन्हा व्हाइसमध्ये लावा, आणि तोवर जुन्या डबीतले गळ त्यात मिसळू नका.