नवकारसी आणि बेचाळीस किलोमीटर

मुंबईत जानेवारीच्या मध्यावर सूर्योदय सुमारे ७ वाजून १४ मिनिटांनी होतो. त्यात दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे मिळवली की नवकारसीची वेळ येते ८ वाजून २ मिनिटांनी. हौशी धावपटूंची पूर्ण मॅरेथॉन मात्र पहाटे ५ वाजता सुटते. किलोमीटरला सात मिनिटे या माझ्या बेताच्या गतीने त्या तीन तासांत पंचवीस-सव्वीस किलोमीटर होतात. नित्याचे पच्चक्खाण पाळायचे, तर निम्म्याहून अधिक अंतर पाण्याच्या थेंबाविना कापावे लागणार. हा हिशेब मी बुटीबोरीतील दुकानाच्या गादीवर बसून उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर मांडला होता आणि तो काही केल्या जुळत नव्हता.

आमचे दुकान पाइप आणि फिटिंगचे. ग्राहक बहुतेक औद्योगिक वसाहतीतील कारखाने. नागपूरहून वर्धा मार्गाने दक्षिणेकडे आले की हे गाव लागते. उमरेडकडे जाणारा रेल्वेफाटा इथूनच फुटतो. वर्षानुवर्षे सकाळी साडेनऊ ते रात्री आठ गादीवर बसण्याचा जो परिणाम व्हायचा तो झाला. पंचेचाळिसाव्या वर्षी रक्तातील साखरेचा अहवाल हाती आला आणि डॉक्टरांनी चालायला सांगितले. चालण्याचे धावणे कधी झाले, ते आता नेमके सांगता येणार नाही. औद्योगिक वसाहतीचे अंतर्गत रस्ते रुंद आणि सरळ आहेत. रात्रपाळी सुटण्याआधी तिथे कुत्र्यांखेरीज कोणी नसते. दोन कारखान्यांतील दोन पाळीप्रमुख तिथे धावत असत. त्यांनी मला सोबत घेतले. वर्षभरात नागपुरात अर्धमॅरेथॉन झाली आणि मग मुंबईचे वेड डोक्यात शिरले.

मॅरेथॉनची तयारी सुमारे अठरा ते वीस आठवड्यांची असते. आठवड्यात चार दिवस धावायचे, त्यांतला एक दिवस लांब अंतराचा, बहुधा रविवारचा. हे लांब अंतर बारा किलोमीटरपासून हळूहळू तीस-बत्तीसपर्यंत न्यायचे आणि शर्यतीच्या तीन आठवडे आधीपासून उतरते ठेवायचे. एका आठवड्यात एकूण अंतर एकदशांशाहून अधिक वाढवू नये, असा जुना दंडक आहे. व्यापाऱ्याला हे समजायला वेळ लागत नाही. भांडवल न पाहता व्यवहार वाढवणाऱ्याचे काय होते, ते आपण पाहिलेले असते. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण तीस किलोमीटरपर्यंत पुरते. पुढे पाय शिशाचे होतात. म्हणून धावताना काहीतरी गोड खात राहावे लागते.

इथून आमच्या घरातल्या अडचणी सुरू झाल्या. जानेवारीच्या शर्यतीसाठी सराव भाद्रपदात, म्हणजे ऐन पर्युषणात सुरू होतो. धावपटूंच्या आहारात बटाटा आणि रताळे हवेच; आमच्याकडे कंदमूळ वर्ज्य. बाजारात मिळणाऱ्या ऊर्जा जेलपैकी कित्येकांत मध असतो आणि चघळायच्या गोळ्यांत जिलेटिन. पत्नीने प्रत्येक वेष्टणावरची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचली आणि सगळी बाजूला सारली. त्यांच्या जागी बिया काढलेला खजूर, राजगिऱ्याची चिक्की आणि उकळून गार केलेल्या पाण्यात लिंबू, खडीसाखर व सैंधव आले. ही व्यवस्था उत्तम चालली. शाकाहाराने लांब पल्ला झेपत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी स्कॉट ज्युरेक या अमेरिकी धावपटूचे नाव ध्यानात ठेवावे. शंभर मैलांची वेस्टर्न स्टेट्स ही डोंगरी शर्यत त्यांनी १९९९ पासून सलग सात वर्षे जिंकली आणि दूध-तूपही ते वर्ज्य मानतात.

चौविहाराने तर मदतच केली. सूर्यास्तापूर्वी जेवण, नऊला निद्रा, साडेतीनला जाग. प्रश्न फक्त नवकारसीचा होता आणि मी तो माझ्या मते सोडवला होता: कोरडेच धावायचे. पंधरा-सोळा किलोमीटरपर्यंत निभावले. पाळीप्रमुखांना मोठे नवल वाटे. दुकानात येणाऱ्या चार लोकांना मी ते सहज बोलता बोलता सांगतही असे.

ऑक्टोबरच्या एका रविवारी सव्वीस किलोमीटरचा बेत होता. पहाटे चार वाजता निघून जामठ्याच्या दिशेने गेलो आणि परत फिरलो. उमस होती. बाविसाव्या किलोमीटरला घाम यायचा थांबला, अंगावर काटा आला आणि रस्ता हलू लागला. दुभाजकावर बसलो तेव्हा घड्याळात ६ वाजून ४० मिनिटे झाली होती. त्या दिवशीची नवकारसी ६ वाजून ५८ मिनिटांनी होती. एका ट्रकचालकाने गाडी कडेला घेऊन पाण्याची बाटली पुढे केली. मी हाताने नको म्हटले. अठरा मिनिटे तो माणूस माझ्याशेजारी उकिडवा बसून राहिला. ‘साहेब, कुणाचा नवस आहे का?’ असे त्याने एकदा विचारले, मग गप्प राहिला. वेळ झाल्यावर पाणी प्यालो आणि ओकलो. पुढचे पाच दिवस मूत्रपिंडाचे अहवाल डॉक्टरांच्या टेबलावर होते. सुदैवाने ते पूर्ववत झाले.

त्या सक्तीच्या विश्रांतीत मी या विषयावर मिळेल ते वाचले. १९०४ च्या सेंट लुइस ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉनच्या आयोजकांनी उन्हाळ्याच्या दिवशी मार्गात पाणी जाणूनबुजून मोजक्याच ठिकाणी ठेवले होते. पाण्यावाचून शरीराचे काय होते, हे त्यांना पाहायचे होते. बत्तीस धावपटू सुटले, चौदाच पोहोचले. याची दुसरी बाजूही आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले, तेव्हा त्यांपैकी तेरा टक्क्यांच्या रक्तातील सोडियम घातक म्हणावे इतके किंवा त्याच्या वाटेवर उतरलेले आढळले. त्याचे एक मुख्य कारण अति पाणी पिणे हे होते. पाणी टाळणे आणि पाणी ढोसणे, दोन्ही शरीराला सारखेच महाग पडते.

मी हे आईला मोठ्या उत्साहाने वाचून दाखवले. ती मटार सोलत होती. ऐकून घेतले आणि म्हणाली, “अरे, पच्चक्खाण घ्यायला तुला कोणी बळजबरी केली होती का? घेतलेस तर पाळायचे. ज्या दिवशी पाळणे झेपणार नाही, त्या दिवशी घेऊ नये. पण पच्चक्खाण घेऊन वर गावाला सांगत फिरायचे की मी पाण्यावाचून धावतो, हे कुठले तप?”

मी उत्तर दिले नाही. दुकानातली ती चार माणसे मला आठवत होती.

त्या दिवसापासून लांब अंतराच्या रविवारी मी नवकारसीचे पच्चक्खाण घेत नाही. इतर दिवशी घेतो आणि त्याविषयी बोलत नाही. काही नातलगांना ही सूट वाटते. त्यांचे म्हणणे मी खोडून काढणार नाही. मला ती अजूनही थोडी बोचते. परंतु दुभाजकावर बसून घड्याळाचा काटा पाहणाऱ्या त्या माणसाच्या मनात धर्मापेक्षा ऐट अधिक होती, हे मला ठाऊक आहे.

याच वाचनात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले भेटले. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धेत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले दोराबजी टाटांनी पाहिली आणि भारताचा संघ ऑलिम्पिकला पाठवण्याची कल्पना तिथे रुजली. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये चौगुले मॅरेथॉन धावले आणि २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. अंतरही नेहमीचे नव्हते. त्या वर्षी ते ४२.७५ किलोमीटर होते. शंभर वर्षांनंतर, चांगले बूट घालून, मला त्यांच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागणार होता.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसासमोर पहाटेच्या अंधारात उभा राहिलो तेव्हा कमरेच्या पट्ट्यात उकळलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या आणि खिशात खजूर होता. पहिला घोट पाचव्या किलोमीटरला घेतला. त्या घोटाला मी उगाच घड्याळ पाहिले. सागरी सेतूवर उजाडले. माहीमला मामेबहीण थर्मासमध्ये उकळलेले पाणी घेऊन उभी होती. तिने बाटल्या भरून दिल्या आणि पाठीवर थाप मारली. पस्तीस किलोमीटरनंतर पेडर रोडचा चढ येतो. तिथे मी चाललो, लपवत नाही. इमारतींतून उतरलेली कुटुंबे संत्र्याच्या फोडी आणि मीठ वाटत होती. नागपूरकराने मुंबईत संत्रे मागून खावे, याची गंमत वाटण्याइतके भान शिल्लक होते.

५ तास ३१ मिनिटे लागली. पदक गळ्यात घालून घरी फोन लावला तेव्हा पावणेअकरा वाजत आले होते. पत्नीने उचलला. आधी आईला दे म्हटले.

“ती अजून काही बोलणार नाही,” पत्नी म्हणाली. “सकाळी नवकारसी झाली, तरी पाणी घेतले नाही. मग पोरसी म्हणाली, आता साढपोरसी. तुझा फोन येईपर्यंत माळ घेऊन बसली आहे.”

मागून आईचा आवाज आला, “पोहोचला का? मग माझे पाणी आण.”