आपल्या विजेमागची माती

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या पायाखाली कोळसा नाही, काळा बेसाल्ट आहे. पण चंद्रपूरची कोळशावरची वीज सुमारे ७५० किमी धावून आपल्या शेजारच्या पडघ्याला उतरते.

हा कोळसा खणताना त्याच्या थरावरचा जो माती-दगड काढावा लागतो, तो म्हणजे ओव्हरबर्डन. त्यातला सोनेरी चमकणारा पायराइट हे खनिज असलेला शेल खडक हवा-पाण्याला लागला, की आम्ल तयार होतं. ओहोळ तांबूस होतात. म्हणून असा माल खाणीच्या तळाशी पुरायचा, वर चिकणमाती दाबायची आणि शेवटी, आधीच वेगळी राखलेली सुपीक माती पसरायची. मगच झाडं!

ओव्हरबर्डनमधला चांगला वालुकाश्म मात्र कामी येतो: नागपूरजवळ भानेगावला वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीने त्यातून बांधकामाची वाळू काढली आहे.

माती नीट परत ठेवली, तरच खाणीची जमीन पुन्हा हिरवी होते.